नावाला दुर्मीळ: तुमच्या इअरबडमधल्या चुंबकाची गोष्ट



आजचा विषय ऐकायला शाळेतल्या रसायनशास्त्रासारखा वाटेल, पण तो आत्ता तुमच्या कानातच आहे. इअरबड लावून ऐकत असाल तर अक्षरशः कानात. रेअर अर्थ, म्हणजे मराठीत दुर्मीळ मृदा खनिजं. २०२५ पासून हा शब्द बातम्यांत सारखा येतोय. चीननं पुरवठा अडवला, गाड्यांचे कारखाने अडले, सरकारनं योजना आणली, वगैरे. पण ही नक्की भानगड काय आहे आणि जळगाव-धुळ्याच्या पोरापोरींनी तिच्याकडे का बघावं, ते आज जरा निवांत बोलू.

सुरुवात एका प्रश्नानं करू. जळगावला आपण सुवर्णनगरी म्हणतो. सराफ बाजारातलं सोनं आणि तुमच्या इअरबडमधलं निओडिमियम, यात जास्त दुर्मीळ काय?

उत्तर आहे सोनं. आणि फरक थोडाथोडका नाही. पृथ्वीच्या कवचातला सरासरी एक टन दगड घेतला तर त्यात सोनं असतं काही मिलिग्रॅम. निओडिमियम असतं साधारण तीस-चाळीस ग्रॅम, म्हणजे सोन्याच्या हजारो पट. याच कुटुंबातलं सेरियम तर जवळपास तांब्याइतकं मुबलक आहे.

मग याला दुर्मीळ कुणी म्हटलं? त्यासाठी स्वीडनला जावं लागेल. तिथे इटर्बी नावाचं छोटं गाव आहे. १७८७ मध्ये तिथल्या खाणीत एका लष्करी अधिकाऱ्याला एक वेगळाच काळा, जड दगड सापडला. १७९४ मध्ये योहान गाडोलिन या रसायनशास्त्रज्ञानं त्यातून एक नवा पदार्थ वेगळा केला. आगीत न वितळणाऱ्या अशा भुकटीला तेव्हा ‘अर्थ’, म्हणजे माती म्हणत. ती फारशी कुठे दिसत नव्हती म्हणून ‘रेअर’. नाव पडलं ते पडलंच. गंमत म्हणजे या एका गावाच्या नावावरून चार मूलद्रव्यांची नावं आली: इट्रियम, इटर्बियम, टर्बियम आणि अर्बियम. आपल्याकडे एका गावाच्या नावानं रेल्वे स्टेशन झालं तरी केवढा अभिमान असतो!

या कुटुंबात एकूण सतरा मूलद्रव्यं. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा, जोडीला स्कँडियम आणि इट्रियम. त्यांचा खरा त्रास हा की ती एकटी सापडतच नाहीत. एकाच दगडात, एकाच वाळूत सगळी एकमेकांत मिसळलेली असतात, तीही थोडी थोडी. आणि रासायनिक वागणुकीत इतकी सारखी की वेगळी करता करता घाम फुटतो. आजच्या सगळ्या गोष्टीचा गाभा इथेच आहे, म्हणून हे लक्षात ठेवा. वस्तू दुर्मीळ नाही, ती वेगळी काढण्याचं कौशल्य दुर्मीळ आहे.

आता हातातला मोबाईल बघा. स्पीकरमध्ये निओडिमियमचं चुंबक. सायलेंटवर असताना फोन थरथरतो, त्या मोटरमध्ये तेच. कॅमेऱ्यात बोट टेकवलं की चित्र फोकस होतं, कारण एक इवलंसं चुंबक भिंग पुढेमागे सरकवतं. स्क्रीनची काच घासून गुळगुळीत करायला सेरियम ऑक्साइड वापरतात. फ्लॅशचा पांढरा उजेडही असाच. आतला दिवा खरं तर निळा असतो, त्यावर इट्रियम आणि सेरियम असलेला पिवळा थर देतात, तेव्हा तो पांढरा दिसतो. घरातल्या एलईडी बल्बचंही तेच.

आणि रील? परदेशातल्या सर्व्हरवरून समुद्राखालच्या केबलमधून मुंबईला येते, तिथून तुमच्या गावात. काचेच्या तंतूतला प्रकाश लांब गेला की क्षीण होतो. त्याला वाटेत ठरावीक अंतरावर पुन्हा बळ देतं ते अर्बियम, म्हणजे त्या इटर्बी गावाच्या नावाचंच मूलद्रव्य. महागड्या वस्तूच कशाला, पानटपरीवरच्या दहा रुपयांच्या लायटरमध्ये ठिणगी पाडणारा जो खडा असतो, तोही सेरियम-लँथॅनमचा.

पण सगळं भांडण चाललंय ते चुंबकावरून. ते का, हे समजून घ्यायला जुन्या डीजेचा स्पीकर आठवा. मागे काळ्या फेराइट चुंबकाचा एवढा मोठा चकला, उचलताना कंबर धरते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समधले जॉन क्रोट, दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच शोध लावला. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन एकत्र केलं तर त्याच वजनात कितीतरी पट ताकदीचं चुंबक तयार होतं. १९८३ मध्ये हा शोध जगासमोर आला. त्या दिवसापासून मोटर लहान होत गेली, स्पीकर कानात मावू लागला, आणि इलेक्ट्रिक स्कूटरची मोटर चाकाजवळ बसू लागली.

या चुंबकाला एक खोड आहे: ऊन सोसत नाही. साधं निओडिमियम चुंबक ऐंशी अंशांच्या पुढे तापलं की ताकद गमावू लागतं. आता भुसावळचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. बाहेर पंचेचाळीस अंश, खाली तापलेला डांबरी रस्ता, गाडीवर तिघं, आणि मोटर स्वतःच्या कामानं आणखी तापलेली. तिथे चुंबक टिकावं म्हणून त्यात चिमूटभर डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळतात. हे दोघं त्याच कुटुंबातले जड भाऊ, आणि ते मिळणं जास्त अवघड. म्हणजे ज्या चिमटीवर चीनचा हात सगळ्यात घट्ट आहे, तीच चिमूट खानदेशच्या उन्हाला लागते.

इथे व्हॉट्सॲपवरच्या काही गोष्टी साफ करून घेऊ. ‘सोलर पॅनल रेअर अर्थपासून बनतं’ असं कुणी सांगितलं तर मानू नका. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, तो २०१३ मध्ये सुरू झाला. तिथल्या पॅनलला वीज बनवायला दुर्मीळ मृदा लागत नाही. पॅनल बहुधा सिलिकॉनची असतात, म्हणजे त्यांचं मूळ साध्या वाळूत. पण त्या विजेवर शेतात पंप चालतो, आणि सौर पंपांच्या काही मॉडेलमध्ये कायमच्या चुंबकाची मोटर असते. तिथे हा विषय येतो.

पवनचक्क्यांचंही तसंच. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर रांगेनं उभ्या असलेल्या पवनचक्क्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. यातल्या बहुतेक जुन्या चक्क्यांत गिअरबॉक्स आणि तांब्याच्या वेटोळ्यांचा जनरेटर असतो, मोठं चुंबक नसतं. नव्या जमान्यात, विशेषतः समुद्रातल्या पवनचक्क्यांत, गिअरबॉक्स काढून थेट चुंबकाचा जनरेटर बसवतात. तिथे एका मेगावॅटमागे काहीशे किलो चुंबक जातं. घरातले वीज वाचवणारे बीएलडीसी पंखे? त्यातल्या बऱ्याच पंख्यांत अजून साधं फेराइटच असतं. म्हणजे जिथे जागा आणि वजन यांची चिंता नाही तिथे जुना, स्वस्त पर्याय चालतो. जिथे सगळं छोटं, हलकं आणि जोरदार हवं तिथे निओडिमियमला तोड नाही.

बरं, मग भारताकडे हा माल नाही का? आहे की! भरपूर आहे. आपल्या समुद्रकिनाऱ्यांवरच्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज आहे. सरकारनं २०२५ मध्ये संसदेत सांगितलेला आकडा असा: देशात सुमारे १ कोटी ३१ लाख टन मोनाझाइट, आणि त्यात सुमारे ७२ लाख टन दुर्मीळ मृदा ऑक्साइड. केरळ, तमिळनाडू, ओडिशा, आंध्र ही मोठी नावं. यादीत महाराष्ट्रही आहे, पण वाटा किरकोळ.

या वाळूची ओळख आपल्या आजी-आजोबांना नकळत होती. लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन माणसं चालायची, आठवतं? निदान जुन्या फोटोत तरी पाहिलं असेल. त्या बत्तीतली पांढरी जाळी, मँटल, थोरियमची असायची आणि त्यात सुमारे एक टक्का सेरियम. तो थोरियम यायचा मोनाझाइटमधून. त्रावणकोरच्या किनाऱ्यावर हे खनिज विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाला सापडलं ते मँटलच्या धंद्यामुळेच. तेव्हा थोरियम कामाचा होता आणि बाकीचा निओडिमियम-बिओडिमियम म्हणजे उरलासुरला गाळ. आज उलटं झालंय.

स्वातंत्र्यानंतर आपण यात मागे नव्हतो बरं का. १८ ऑगस्ट १९५० रोजी इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. आज तिला आयआरईएल म्हणतात आणि तिचं मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे. केरळमध्ये आलुव्याचा कारखाना १९५२ मध्येच सुरू झाला. म्हणजे जगात या चुंबकाचा शोधही लागला नव्हता तेव्हा आपल्याकडे मोनाझाइट फोडलं जात होतं.

मग आपण चुंबक का विकत घेतो? इथे परत त्या गाभ्याकडे येऊ: वेगळं काढणं.

आपल्याकडे घरोघरी धान्य निवडतात. उडदातून मूग निवडायचे तर सोपं, रंग वेगळा. भुसा उडवायचा तर सूप आहेच. पण कुणी तुमच्यासमोर दोन पोती दादर ज्वारी एकत्र करून ओतली, दोन्ही एकाच रंगाची, दाण्याच्या आकारात केसाइतका फरक, आणि म्हणालं की आता वेगळी करा, तर? एका चाळणीत काम होणार नाही. एकदा चाळल्यावर या बाजूला जरा जास्त पहिली, त्या बाजूला जरा जास्त दुसरी. मग परत चाळा. परत. परत. शेकडो वेळा. निओडिमियम आणि त्याचा शेजारी प्रेसिओडिमियम यांचं नेमकं असंच आहे. आम्लात विरघळवलेलं द्रावण एका तेलकट द्रवाशी घुसळतात, एक भाऊ तेलाकडे किंचित जास्त ओढला जातो, मग पुढची टाकी, मग त्यापुढची. अशा टाक्यांची लांबच लांब रांग. त्यानंतर ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू, त्याची पिठासारखी बारीक भुकटी, चुंबकीय क्षेत्रात दाबून भट्टीत भाजणं, घासणं, वर मुलामा. हे प्रत्येक पाऊल म्हणजे एक वेगळा उद्योग.

शिवाय आपल्या मोनाझाइटमध्ये किरणोत्सारी थोरियम आहे, म्हणून ते अणुऊर्जा कायद्याच्या कक्षेत येतं. कुणीही उठून किनाऱ्यावरून वाळू नेऊन फोडू शकत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण त्यामुळे या क्षेत्रात गर्दी झाली नाही. आणखी एक अडचण: आपल्या वाळूत हलके भाऊ भरपूर, पण डिस्प्रोसियम-टर्बियम जवळपास नाहीच म्हणा.

चीननं काय केलं? तीस-चाळीस वर्षं चिकाटीनं ही चाळणी शिकली. जनरल मोटर्सनं याच चुंबकांसाठी मॅग्नेक्वेंच नावाची कंपनी काढली होती. १९९५ मध्ये ती विकली गेली, घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या, आणि काही वर्षांत यंत्रं आणि कौशल्य दोन्ही चीनला गेलं. इतर देशांना वाटलं, बरं झालं, घाण तिकडे गेली आणि माल स्वस्त मिळतोय. आज जगातलं शुद्धीकरण आणि चुंबकं यांचा नव्वद टक्क्यांच्या आसपासचा भाग चीनमध्ये होतो.

त्याची किंमत २०२५ मध्ये कळली. ४ एप्रिलला चीननं सात मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यातीचा परवाना लावला. यात डिस्प्रोसियम आणि टर्बियम होतेच. बंदी नाही, फक्त परवाना. पण तो मिळेना. आपल्या पुण्यातल्या बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी जुलैमध्ये जाहीरपणे सांगितलं की पुरवठा असाच राहिला तर ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. ऑगस्टच्या उत्तरार्धात काम पुन्हा सुरू झालं, पण विचार करा. एका स्कूटरमध्ये हे चुंबक असतं काहीशे ग्रॅम. बाकी सगळी गाडी तयार, पत्रा आहे, बॅटरी आहे, कामगार आहेत, गिऱ्हाईक आहे, आणि मूठभर चुंबकासाठी सगळं उभं. डीलरकडे चकरा मारणाऱ्या धुळ्याच्या पोराला कुणी सांगत नाही की त्याची गाडी डिस्प्रोसियमपायी अडली आहे. त्याला फक्त ‘वेटिंग आहे’ एवढंच ऐकू येतं.

आपल्या सरकारनंही हालचाल केली. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मंजुरी मिळाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं चुंबक-निर्मितीसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, लक्ष्य वर्षाला ६,००० टन. हा आकडा केवढा आहे ते तुलनेनं कळेल. विशाखापट्टणमला आयआरईएलचा समॅरियम-कोबाल्ट चुंबकांचा कारखाना आहे, त्याची क्षमता वर्षाला ३,००० किलो. किलो, टन नव्हे. म्हणजे तीन टनांवरून सहा हजार टनांवर उडी. पैसा मंजूर करणं हा त्यातला सोपा भाग आहे.

आता जरा कडू बाजू. हे सगळं ‘स्वच्छ’ तंत्रज्ञान म्हणून विकलं जातं, पण त्याची घाण कुठेतरी राहते. मलेशियात बुकित मेराह इथे मोनाझाइटचा कारखाना होता. किरणोत्सारी कचऱ्यावरून गावकरी वर्षानुवर्षं लढले, कोर्टात गेले, आणि १९९०च्या दशकात तो बंद पडला. साफसफाई त्यानंतरही बरीच वर्षं चालली. केरळमध्ये आलप्पाडचे लोक वाळूउपशाविरुद्ध उभे राहिले, कारण समुद्र त्यांच्या गावाची जमीन खात चाललाय असं त्यांचं म्हणणं. गिरणा-तापीकाठच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. नदीतली वाळू गेली की विहिरीचं पाणी कुठे जातं, ते आपण पाहिलंय.

हा प्रश्न आपल्या दारापर्यंतही येणार आहे. नंदुरबारच्या अक्राणीतून नर्मदेपलीकडे गेलं की गुजरातचा छोटा उदेपूर जिल्हा लागतो. तिथे आंबाडुंगरच्या डोंगरात दुर्मीळ मृदा आहेत. आपल्या काळ्या पाषाणाचा लाव्हा ज्या ज्वालामुखीच्या काळात पसरला, त्याच काळातला हा वेगळ्या जातीचा खडक. तिथे खाणीची तयारी चालू आहे. नर्मदेच्या दोन्ही काठांवरच्या आदिवासींनी एकदा धरणासाठी गावं सोडलीत. आता इअरबडसाठी आणि स्कूटरसाठी त्यांना काय विचारलं जाणार आणि त्यांना काय मिळणार, हे बघणं आपलंही काम आहे, कारण माल आपण वापरणार आहोत.

मग खानदेशात आपल्या हातात काय आहे? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली, भंगार. मोटर भंगारात गेली की तांबं वेगळं काढतात, ॲल्युमिनियम वेगळं. चुंबक लोखंडाला चिकटून भट्टीत जातं आणि त्यातलं निओडिमियम मळीत वाया जातं. जगभर असंच चालतं, परत मिळतो तो अगदी थोडा भाग. येत्या दहा वर्षांत पहिल्या लाटेतल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरी भंगारात येतील. जुन्या मोटरी उघडून चुंबक सहीसलामत बाहेर काढणारा कारागीर तेव्हा सोन्याच्या भावाचा असेल. सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये अशा पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली आहे. आणि कपाटात पडलेला बंद फोन अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. फोडून, जाळून काही काढायला जाऊ नका.

दुसरी, राख. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र रोज राख बाहेर टाकतं. कोळशाच्या राखेत टनाला काहीशे ग्रॅम दुर्मीळ मृदा असू शकतात. त्या परवडतील अशा रीतीनं काढायची पद्धत जगभर प्रयोगशाळेतच आहे, अजून धंदा झालेला नाही. पण जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञान शिकणाऱ्याला प्रोजेक्टसाठी दुसरीकडून विषय आणायची गरज नाही. ढीग शेजारीच आहे.

तिसरी, शिक्षण. बारावीनंतर सगळे कॉम्प्युटरच्या मागे. चांगलंय. पण देशाला सहा हजार टन चुंबक बनवायचं तर रसायन, धातुशास्त्र, खनिज-प्रक्रिया येणारी माणसं लागतील. टाक्यांची रांग चालवणारी, भट्टीचं तापमान सांभाळणारी, कचरा नीट हाताळणारी. आयटीआयवाले, डिप्लोमावाले, बीएस्सीवाले सगळेच.

आणि जाता जाता एक इशारा. ‘अमुक शेतात रेअर अर्थ सापडलंय, कोटींचा माल आहे, थोडी गुंतवणूक करा’ असा मेसेज आला तर सरळ डिलीट करा. आता तुम्हाला माहीत आहे, नुसती माती सापडून काही होत नाही. ती निवडता यावी लागते.

आजच्यासाठी एवढंच. प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटू, मंडळी. राम राम.